पाषाणाच्या पोटातली भाकर

२० मार्चला महाडला जायचे, चवदार तळ्याला अभिवादन करायचे आणि संध्याकाळपर्यंत पनवेलला परतायचे, हा आमच्या वस्तीचा जुना रिवाज. एका वर्षी विहारातली मुलेही बरोबर होती. परतताना मुलांनी हट्ट धरला म्हणून टेम्पो वाकण फाट्यावरून पालीकडे वळवला आणि त्यांना उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे दाखवली. मार्चच्या उन्हातही पाण्यातून वाफ येताना पाहून पोरे हरखली. तिथे आलेले कोणी म्हणाले, "खाली गंधक आहे ना, म्हणून पाणी गरम." एका आजींनी हात जोडले आणि म्हणाल्या, "देवाची करणी, दुसरे काय!"

तेवढ्यात आमच्यातल्या सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, या पाण्याच्या खाली, अगदी खोल अंधारात, काही जगत असेल का? आणि जगत असेल तर ते खात काय असेल?"

शेजारचा एक गृहस्थ हसून म्हणाला, "दगड खात असेल, दगड!" सगळे हसले. मुलगी ओशाळली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. आम्ही म्हणालो, "घरी गेल्यावर सांगतो." वाचकहो, ज्याला उत्तर येत नाही त्याचेच हे उत्तर असते, हे आपण सारे जाणतो.

त्या प्रश्नाने आम्हाला स्वस्थ बसू दिले नाही. मिळेल ते वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. शेवटी कळले ते असे, की चेष्टेत बोललेला तो माणूस खरे बोलून गेला होता. जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवर, जिथे सूर्याचा किरण कधी पोचला नाही, तिथे जीव आहेत आणि त्यांची भाकर दगड आणि पाणी यांतूनच भाजली जाते. त्या मुलीचे उत्तर सर्वच घरांतल्या मुलांना मिळावे म्हणून हा लेखप्रपंच.

उष्णतेने पोट भरत नाही

आधी गंधकाचा गैरसमज दूर करू. गंधकामुळे पाणी गरम होत नाही. पृथ्वीच्या पोटात जसजसे खाली जावे तसतशी उष्णता वाढते. सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश, काही ठिकाणी कमी, काही ठिकाणी जास्त. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हेरे, महाडजवळचे सव, उन्हवरे, तुरळ, राजापूर अशी गरम झऱ्यांची रांगच कोकणात आहे, ती याच कारणाने.

या रांगेत आपल्या पनवेलचे नावही येते, पण झऱ्यासाठी नव्हे. घाटावर काळ्या पाषाणाचे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलच्या पट्ट्यात मात्र तेच थर समुद्राच्या बाजूला कलले आहेत. शंभर किलोमीटरहून लांब पसरलेल्या या वाकाला भूगर्भशास्त्रात 'पनवेल फ्लेक्शर' असे म्हणतात. जगभरचे शास्त्रज्ञ आपल्या गावाचे नाव घेतात आणि आपल्याच शाळांतल्या मुलांना ते ठाऊक नसते! खडक जिथे वाकतो तिथे तो तडकतो, आणि जिथे तडकतो तिथे पाण्याला वाट मिळते.

पण नुसत्या उष्णतेवर जीव जगत नाही. चुलीजवळ बसून ऊब मिळते, पोट भरत नाही. पोट भरायला भाकरच लागते. उलट उष्णता फार झाली तर जीव संपतो. प्रयोगशाळेत आजवर १२२ अंशांपर्यंत एक सूक्ष्मजंतू वाढलेला पाहिला गेला आहे, त्यापुढे नाही.

मग भाकर म्हणजे काय? आम्ही पडलो जमाखर्चाच्या वहीतली माणसे. आम्हाला ते असे समजले. जगण्यासाठी एक देणारा लागतो आणि एक घेणारा लागतो. त्या देवघेवीत जो थोडा नफा सुटतो, त्यावर जीव जगतो. आपण भाकरी खातो तेव्हा भाकरी देणारी आणि श्वासातला प्राणवायू घेणारा. ती ज्वारी, ते तांदूळ सूर्यप्रकाशावर पिकलेले. म्हणजे आपल्या वहीत पहिली जमा सूर्याची. जमिनीखाली सूर्य नाही आणि हवेतला प्राणवायूही नाही. तिथे देणारा कोण आणि घेणारा कोण, हाच त्या मुलीचा प्रश्न होता.

पाणी बाटले, असे कोण म्हणाले?

हा शोध लागला त्याची हकीगत आपल्या समाजाने मुद्दाम ऐकावी अशी आहे.

१९२६ साली अमेरिकेत शिकागो विद्यापीठाचे भूगर्भशास्त्रज्ञ एडसन बॅस्टिन यांनी तेलविहिरींतून खोलवरचे पाणी काढले. त्यांच्या सहकाऱ्याने ते तपासले तेव्हा त्यात जिवंत जिवाणू सापडले. पण पुष्कळांनी ते मानले नाही. त्यांचे म्हणणे, जमिनीवरचे जंतू नळातून, यंत्रातून खाली गेले असतील. तुमचे पाणी बाटलेले आहे!

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२७ च्या मार्चमध्ये, आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तेव्हाही काही लोक म्हणाले, पाणी बाटले. त्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. ज्या तळ्यावर जनावरे पाणी पीत होती, ते तळे माणसाच्या ओंजळीने बाटले म्हणे!

दोन्हीकडे शब्द एकच, पण फरक केवढा! शास्त्रज्ञांनी बाटल्याची शंका घेतली आणि ती तपासायला कंबर कसली. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दक्षिण कॅरोलिनात खास याच कामासाठी खोल छिद्रे पाडली. आता अशा कामात यंत्र थंड ठेवायला सोडलेल्या पाण्यात खुणेची रसायने मिसळतात. खडकाचा लांब दंडगोल वर आला की त्याची बाहेरची साल काढून टाकतात आणि आतला गाभाच तपासतात. खुणेचे रसायन आत सापडले तर नमुना बाद. नाही सापडले तर शंका बाद. महाडच्या लोकांनी कसली चाचणी केली होती? बाटणे म्हणजे काय, ते कशाने मोजायचे, हे त्यांनी ना सांगितले ना कोणी विचारू दिले. तपासाला तयार असते ती शंका, आणि तपासाला नकार देते ती रूढी. मुलांना हा फरक लहानपणीच शिकवावा.

तीन चुली

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जमिनीखाली भाकर भाजणाऱ्या चुली मुख्यतः तीन आहेत.

पहिली चूल काळ्या पाषाणाची. आपल्या भागात दगडखाणीत काम करणाऱ्या बंधू-भगिनींनी पाहिले असेल, की जुना दगड बाहेरून तांबूस-पिवळट दिसतो आणि घण घालून फोडला की आत काळाभोर निघतो. ती बाहेरची तांबूस साल म्हणजे दगडातल्या लोखंडाचा गंज. काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, लोह भरपूर असते. वर हवा आहे म्हणून ते लोह प्राणवायूला देते आणि गंजते. खाली हवा नाही. तिथे लोह पाण्यालाच देते आणि पाण्यातून हायड्रोजन वायू सुटतो. हा हायड्रोजन खालच्या जिवांचे मोठे अन्न. काही सूक्ष्मजंतू हायड्रोजन आणि पाण्यात विरघळलेला कर्बवायू एकत्र करून आपले अंग बांधतात आणि मिथेन वायू सोडतात.

१९९५ साली अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या खोऱ्यात, आपल्यासारख्याच काळ्या पाषाणात, असे जीव असल्याचे स्टीव्हन्स आणि मॅकिन्ली या दोघांनी मांडले. १९९८ साली दुसऱ्या गटाने आक्षेप घेतला, की नैसर्गिक परिस्थितीत या दगडातून इतका हायड्रोजन सुटत नाही, आम्ही करून पाहिले. पण आक्षेप घेऊन ते थांबले नाहीत. २००२ साली त्याच गटातल्या चॅपेल आणि लव्हली यांनी आपल्या सहकाऱ्यांसह आयडाहो राज्यातल्या लिडी नावाच्या गरम झऱ्याखाली, सुमारे २०० मीटर खोलीवर, हायड्रोजनवर जगणारी वस्ती शोधून काढली. तिथल्या सूक्ष्मजंतूंत ९० टक्क्यांहून अधिक मिथेन तयार करणारे होते. काल ज्यांनी नाही म्हटले, त्यांनीच आज पुरावा मिळताच होय म्हटले, आणि यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

दुसरी चूल किरणोत्साराची. ग्रॅनाइटसारख्या खडकांत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांचा किरणोत्सारी अंश असतो. त्यातून कोट्यवधी वर्षे मंद किरण निघत राहतात. भेगेतल्या पाण्यावर ते पडले की पाण्याचे रेणू फुटतात. एका बाजूला हायड्रोजन सुटतो, तो देणारा. दुसऱ्या बाजूला जे तीव्र पदार्थ होतात ते खडकातल्या लोह-गंधकाच्या खनिजावर काम करून सल्फेट बनवतात, तो घेणारा. म्हणजे देणारा आणि घेणारा दोघेही एकाच चुलीवर तयार.

याचा सर्वांत मोठा पुरावा दक्षिण आफ्रिकेत मिळाला. जोहान्सबर्गजवळच्या एम्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल, ६० अंशांच्या गरम पाण्यात, २००८ साली जाहीर झालेल्या तपासात जवळजवळ एकाच जातीचा जिवाणू सापडला. हवा नाही, उजेड नाही, दुसऱ्या कोणाची सोबत नाही. स्वतःचे अन्न तो स्वतः घडवतो. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ 'धाडसी प्रवासी'. त्याच देशाच्या खोल खाणींत २०११ साली अर्ध्या मिलिमीटरएवढा एक सूतकृमीही सापडला. तो जिवाणू खाऊन जगतो. उन्हेऱ्याच्या काठी विचारलेल्या 'काही जगत असेल का' या प्रश्नाला हे आणखी एक उत्तर. जिवाणूच नव्हे, चक्क किडाही जगतो!

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. शास्त्रज्ञ तीन किलोमीटर खाली पोचले ते कोणाच्या खांद्यावरून? त्या देशाच्या सोन्याच्या खाणी कृष्णवर्णीय कामगारांनी खणल्या. १९९४ साली वर्णभेदाची राजवट संपेपर्यंत त्यांना ना मताचा अधिकार होता ना माणुसकीची वागणूक. शोधनिबंधावर त्यांची नावे नसतात, पण त्यांच्या घामावाचून तो शोध लागला नसता. खाणीत, धरणावर, रस्त्यावर राबणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.

तिसरी चूल भूकंपाची. खडक खडकावर घासला की त्याचा भुगा होतो. ताज्या फुटलेल्या पृष्ठभागाला पाणी लागले की त्यातूनही हायड्रोजन सुटतो. १९८० साली जपानी शास्त्रज्ञांनी जमिनीतल्या हलत्या भेगेच्या कडेने असा हायड्रोजन बाहेर पडत असल्याचे मोजले. वर घरे पाडणारा भूकंप खाली कोणाच्या तरी ताटात वाढून जातो!

कोयनेच्या खाली

हे सगळे परदेशातच घडले असे कोणी समजू नये. सर्वांत मोलाचा पुरावा आपल्या सातारा जिल्ह्यातला आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरणात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि तेव्हापासून त्या भागात धक्के सुरू झाले, ते अजून थांबलेले नाहीत. हे धक्के का बसतात ते खाली जाऊनच पाहावे, म्हणून केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने तिथे खोल छिद्रे पाडण्याचे काम हाती घेतले. कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. आधी दीड किलोमीटरपर्यंतची नऊ छिद्रे झाली, मग २०१७ साली गोठणे इथे ३ किलोमीटरचे छिद्र पूर्ण झाले. तिथे वरचा काळा पाषाण साधारण सव्वा किलोमीटर जाड आहे. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. त्याखाली मात्र ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागतो, तो अडीचशे कोटी वर्षांहून जुना.

या दंडगोलांचा उपयोग भूकंपाच्या अभ्यासाबरोबर आणखी एका कामाला झाला. खरगपूरच्या आयआयटीतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह त्यातला गाभा तपासला आणि २०१८ साली निष्कर्ष जाहीर केले. काळ्या पाषाणातही जीव, खालच्या ग्रॅनाइटमध्येही जीव! त्यांत हायड्रोजन, गंधक आणि नत्राच्या संयुगांवर गुजराण करून स्वतःचे अन्न घडवणारे होते, आणि त्यांच्या आधाराने जगणारे दुसरेही होते. सल्फेटवर जगणाऱ्यांच्या आणि मिथेनशी संबंध असलेल्या जिवांच्या जनुकीय खुणा ग्रॅनाइटपेक्षा काळ्या पाषाणात किमान दहापट अधिक मिळाल्या. दोन खडकांत दोन निराळ्या वस्त्या. जसा दगड, तशी चूल, तशी बिऱ्हाडे.

आणि कोयनेखाली वरच्या तिन्ही चुलींचे सामान एकत्र आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. लोहाचा काळा पाषाण आहे, किरणोत्साराचा ग्रॅनाइट आहे, आणि खडक घासणारा भूकंप तर आहेच.

अशी वस्ती जगभर किती? २०१८ साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून अंदाज केला, की पृथ्वीवरच्या एकूण जिवाणू आणि तत्सम सूक्ष्मजंतूंपैकी सुमारे ७० टक्के जमिनीच्या आणि समुद्रतळाच्या खाली राहतात. त्यांची मिळकत इतकी तुटपुंजी असते की काही ठिकाणी शेकडो, हजारो वर्षांत एखाद्या वेळी एकाचे दोन होतात. थोडक्यात भागवणे म्हणजे काय, ते या जिवांकडून शिकावे!

धम्माच्या वाटेने पाहिले तर

लहान सामणेरांना विचारायच्या प्रश्नांत पहिल्याच प्रश्नाचे उत्तर असे आहे, की सर्व प्राणी आहारावर टिकून असतात. भन्तेजींच्या तोंडून हे आम्ही कितीदा ऐकले होते. कोयनेची हकीगत वाचल्यावर त्याचा आवाका कळला. आहार आहे तर जीव आहे, आहार थांबला तर जीव थांबला. मध्ये कोणा करणाऱ्याची गरज नाही. लोह आहे, पाणी आहे, म्हणून हायड्रोजन आहे. हायड्रोजन आहे म्हणून जिवाणू आहे, आणि जिवाणू आहे म्हणून सूतकृमी आहे. कारणावर कार्य उभे राहते, हाच तर तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद. आणि मैत्रीभावना करताना आपण दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या सर्व जिवांचे मंगल इच्छितो. आता त्यांत हे तीन किलोमीटर खालचे शेजारीही आले.

मात्र एक सावधगिरी. हे वाचून कोणी गरम झऱ्याचे पाणी औषध म्हणून पिऊ नये, आणि बोअरचे पाणी खोलचे म्हणून आपोआप शुद्ध असते असेही समजू नये. पाणी चांगले की वाईट हे तपासणीने ठरते, श्रद्धेने नाही आणि भीतीनेही नाही.

मुलांना घरी एक करून दाखवता येईल. एक लोखंडी खिळा ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवा आणि दुसरा कोरडा ठेवा. ओल्यातला खिळा तांबडा होईल. मग सांगा, हा खिळा देतो आहे, हवा घेते आहे, ही देवघेव. खाली हवा नसते तेव्हा हेच लोह पाण्याला देते आणि त्यावर एक जग जगते. याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि मुलगा किंवा मुलगी भूगर्भशास्त्र शिकतो म्हणाली तर 'दगड शिकून काय करणार' असे म्हणू नका. आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडला. आता दगड वाचायची पाळी आपल्या लेकरांची आहे.

त्या मुलीला आम्ही उत्तर सांगितले, जरा उशिराच. एका रविवारी वंदनेनंतर, सगळ्या मुलांना बसवून. तिने सारे ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे ते काका बरोबर बोलले होते. मग सगळे हसले का?"

आमच्याकडे त्याचे उत्तर नव्हते. या वेळी आम्ही तसे सरळ सांगितले. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावे आणि शोधायला लागावे. पण प्रश्न विचारणाऱ्या लेकराला हसू नये. चवदार तळ्याच्या काठी आपल्याला पाणी मिळाले, त्याबरोबर विचारण्याचा हक्कही मिळाला. तो आपल्याच घरात बाटवू नये, इतकेच सांगणे.

जयभीम.